पत्र्याखालचा वैशाख

आज सकाळी न्याहारी उरकून शेडकडे गेले आणि दारातच थबकले. आतला आवाज बदलला होता. कालपर्यंत दार उघडलं की कलकलाट अंगावर यायचा. खाद्याच्या भांड्यांभोवती ढकलाढकली, एकमेकींच्या पाठीवरून उड्या, उगाचची भांडणं. आज ते सगळं खाली बसलं होतं आणि त्या जागी एक बारीक, घाईघाईचा, न थांबणारा आवाज भरून राहिला होता, लांब कुठंतरी कापूस पिंजत असावेत तसा. सगळ्या कोंबड्या चोची उघड्या टाकून धापत होत्या.

म्हणजे वैशाख आला. पत्रा तापायला अजून अवकाश होता. पलीकडचा ऊस सकाळच्या ओलीनं हिरवागार दिसत होता, तेलगावच्या बाजाराला निघालेली माणसं रस्त्यानं आरामात बोलत चालली होती. पण शेडच्या आत वैशाख येऊन बसला होता. मी पडदे पार वरपर्यंत गुंडाळले, पंखे लावले, पाण्याच्या टाकीला हात लावून पाहिला. पाणी गार होतं. तरी परत एकदा हात लावून पाहिला. दरवर्षी या दिवसापासून मृग लागेपर्यंत माझं हेच चालतं.

कोंबडीला घाम येत नाही. शेड बांधण्याआधी मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. मी शेतकऱ्याघरची लेक, अंगणात कोंबड्या बघतच वाढले. पण दुपारच्या वेळी अंगणातली कोंबडी जाते कुठं, याचा विचार कधी केला नव्हता. ती जाते कडब्याच्या गंजीखाली, रांजणापाशी सांडलेल्या ओलीला, नाहीतर बाभळीखाली माती उकरून त्या गार मातीला पोट टेकायला. तिला गारवा शोधता येतो. शेडमधल्या कोंबडीला शोधायला जागा नसते. तिच्याजवळ फक्त तिचं शरीर असतं. मुळात तिचं अंगच आपल्यापेक्षा गरम. धडधाकट कोंबडी उचलून घेतली तरी वाटावं, हिला ताप भरलाय. त्यात ऊन चढलं की ती आधी पंख अंगापासून जरा लांब धरते, काखेत वारा शिरावा म्हणून. मग तुरा लालभडक होतो, कारण आतली उष्णता बाहेर टाकायला रक्त तुऱ्यात, गळ्याखालच्या लोंबत्या कातडीत, उघड्या पायांत धावत सुटलेलं असतं. मग ती खाणं सोडते, कारण खाल्लेलं पचवायलासुद्धा आत आग पेटते. आणि मग चोच उघडते. गळा थरथरत राहतो, श्वास भराभर आत-बाहेर होतो, आणि घशातली ओल उडून जाताना थोडी उष्णता सोबत घेऊन जाते. आपल्या कातडीवर घाम वाळतो तेव्हा जे होतं, तेच ती घशात करते. तेवढा एकच मोठा मार्ग तिच्याजवळ असतो.

तो मार्ग बंद होताना मी एका वैशाखात पाहिला. त्याला आता काही वर्षं झाली, पण तापत्या पत्र्याचा पहिला कडकड आवाज आला की मी त्याच दुपारी जाऊन उभी राहते.

त्या खेपेची पिल्लं आली तेव्हा होळी नुकतीच झाली होती. दिवसा ऊन, पण पहाटे अजून अंगावर काहीतरी ओढून घ्यावं लागे. खोक्यातून उतरवलेलं एका दिवसाचं पिल्लू तळव्यावर घेतलं की फुटलेल्या बोंडातला कापूस धरल्यासारखं वाटायचं. या वयात त्यांना स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. आई असती तर तिच्या पोटाखाली शिरली असती. इथं आई म्हणजे पिल्लांभोवती घातलेल्या पत्र्याच्या गोल कड्याच्या मधोमध टांगलेले बल्ब. मी त्या कड्याशी कितीतरी वेळ बसून राहायची. थर्मामीटर होता, पण त्याच्याकडं बघायची वेळ फारशी यायची नाही. बल्बखाली गठ्ठा करून एकमेकांवर चढली की समजायचं, गारठलीत. वेळेवर सोडवलं नाही तर खालची गुदमरतात. कडेला पांगून तोंडं उघडली की बल्ब वर ओढायचा. आणि खाली अंथरलेल्या तुसावर दाणे सांडावेत तशी सगळीकडं सारखी पसरली, किलबिलत राहिली, की माझाही जीव जागेवर यायचा.

आबा त्याच दिवसांत पहिल्यांदा शेडपर्यंत आले. आबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर मेंढरं राखली त्यांनी. धारूरच्या डोंगरापासून गोदेच्या काठापर्यंतचा सगळा मुलूख पायांखाली घातलेला माणूस. दारातच काठी टेकून उभे राहिले.

"आत या की आबा," मी म्हटलं.

"न्हाई. हितूनच बरं हाय."

बराच वेळ बल्बांच्या पिवळ्या उजेडाकडं बघत राहिले. नजर कमी झाली होती, तरी डोळे बारीक करून बघत होते. मग म्हणाले, "जनावर चाललं पायजे, सुमन. ऊन लागलं तर सावलीला गेलं पायजे, गारठलं तर उन्हाला आलं पायजे. ह्यास्नी तू कोंडून घातलंस. आता ह्यांचं ऊन तू आन सावलीबी तूच."

ते रागानं बोलले नव्हते. पण पुढचे कित्येक दिवस पडदा वर-खाली करताना ते शब्द माझ्या हाताला लागत राहिले.

आबा आमच्याकडं राहायला येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्याआधी ते धाकट्या दिराच्या घरी, बांधापलीकडं असायचे. दीर पुण्याला गाडी चालवतो. घर आणि रान सांभाळते माझी जाऊ, मंदा. आबांना नीट दिसेनासं झालं, एकदा कळप रस्ता ओलांडताना ते ट्रकखाली येता येता वाचले, आणि मंदानं मेंढरं विकायला लावली. तिचं चुकलं असं मला कधीच वाटलं नाही. आबा तिच्याशी भांडले नाहीत. अंथरूण काखोटीला मारलं, बांध ओलांडला आणि आमच्या ओसरीवर येऊन बसले. मंदाला वाटलं, मी फितवलं.

"आक्का, माझ्या घरचं मानूस कावून नेलंस?" तिनं एकदा विहिरीवर विचारलं.

"मी नेलं न्हाई. त्यांचं ते आले," मी म्हटलं.

"तू म्हनली असशील, या म्हनून."

त्यावर मी काही बोलले, ती काही बोलली, आणि आमचं बोलणं बंद झालं. बांधाच्या दोन बाजूंना आम्ही दोघी. तिच्या घरच्या भांड्यांचा आवाज मला ऐकू यायचा, माझ्या शेडचा वास तिला येत असणार. समोरासमोर आलो की दोघींपैकी एक वाट बदलायची.

पिल्लं वाढली. पिवळी लव जाऊन पांढरी पिसं आली. पिसांचं कसं, थंडीत तो शालीसारखा आधार. पहाटे गार वारं आलं की कोंबडी पिसं फुगवते, त्यात हवा धरून ठेवते, एक पाय पोटात ओढून घेते. तीच पिसं वैशाखात अंगावरून उतरवून ठेवता येत नाहीत. चैत्र सरेपर्यंत कोंबड्या वजनदार झाल्या, आणि अंग जितकं भरलेलं तितकी आतली आग मोठी. मी आणि आमच्या यांनी मिळून पत्र्यावर उसाचं पाचट अंथरलं, बाजूंना बारदानं बांधली. ऊन डोक्यावर यायच्या आत खाद्याची भांडी उचलून घ्यायची, ती उन्हं कलल्यावर परत ठेवायची. पाण्यात गूळ-मीठ कालवायचं. रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणून तुसात आणि पोत्यात गुंडाळून ठेवायची आणि दुपारी तिचे तुकडे पाण्याच्या टाकीत सोडायचे. सगळा दिवस कोंबड्यांच्या गळ्यांकडं बघण्यात जायचा. जेवताना, झोपताना, बोलताना माझ्या डोळ्यांसमोर ते थरथरणारे गळे असायचे.

त्या दिवशी मात्र ऊन पडलंच नाही. सकाळपासून आभाळ भरून येत होतं. डोंगराच्या बाजूनं काळं-तांबडं काहीतरी सरकत आलं आणि आमच्या डोक्यावर येऊन थांबलं. वस्तीवरची माणसं खूश होती. आज जरा बरं वाटतंय, म्हणत होती. मला धडकी भरली. झाडाचं पान हलत नव्हतं आणि हवा ओल्या घोंगडीसारखी जड झाली होती. कोरड्या उन्हात कोंबडी कितीही धापली तरी तिच्या घशातली ओल वारा चटकन उचलतो. हवाच पाण्यानं भरली असली तर ती ओल जाणार कुठं? कोंबडी धापत राहते, धापण्यानं आणखी तापते, आणि बाहेर काहीच जात नाही.

आमचे हे सकाळीच टेम्पो घेऊन खाद्य आणायला बीडकडं गेले होते. दुपारी फोन आला, मांजरसुंब्याच्या चौकात टेम्पो बंद पडलाय, मिस्त्री सापडेना. मी म्हटलं, "सापडल तवा या, हितं पंखे चालू हायत." फोन ठेवला आणि थोड्याच वेळात वीज गेली.

पंख्यांची पाती एकदम थांबत नाहीत. फिरत फिरत हळू होतात, मग वेगवेगळी दिसायला लागतात, मग एकेक थांबतं. ती थांबेपर्यंत मी जागेवरून हलले नाही. मग तो आवाज वर आला. पंख्यांच्या घरघरीखाली दबलेला, हजार गळ्यांचा.

आबा ओसरीवरून उठून आले. "लाइट गेली?"

"गेली."

"पत्र्यावर पानी मारतो मी."

"आबा, शिडी चढू नका. तुमाला दिसत न्हाई नीट."

"हाताला दिसतंय," म्हणाले, आणि शिडी लावली.

मोटर बंद, त्यामुळे हौदातून बादल्या भरून न्यायच्या. मी दोन-तीनदा अडवलं, एकदा तर बादली हातातून ओढून घेतली. त्यांनी ती परत ओढली. शेवटी मी आत पळाले, कारण आत कोंबड्या बसायला लागल्या होत्या. भरल्या अंगाची कोंबडी उकाड्यात बसली की तिच्या पोटाखाली ऊब कोंडते. तिला हळू उठवत राहावं लागतं. घाबरवायचं नाही, धावू द्यायचं नाही. मी पाय घासत घासत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होते. पुढच्या उठत होत्या, मागच्या परत बसत होत्या. डोक्यावर आबांच्या बादल्या ओतल्याचा आवाज येत होता, पाचटातून पाणी ठिबकत होतं. काही तुरे लाल राहिले नव्हते. निळसर झाले होते.

आबा बादली घेऊन आत आले. सदरा घामानं पाठीला चिकटला होता, हनुवटीवरून धार लागली होती. "सर बाजूला. ह्यांच्या अंगावर मारतो."

"नगा आबा! पानी मारलं तर हवा आजून जड हुईल. त्यास्नी वारा पायजे."

"वारा कुठून आनू मी?" ते ओरडले. आबा ओरडलेले मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. "सांग ना, कुठून आनू?"

ते बादली घेऊन परत शिडीकडं गेले.

पहिली कोंबडी माझ्या पायाशीच गेली. मान लांब केली, पंख पसरले आणि गळा थरथरायचा थांबला. मग पलीकडं एक. मग भिंतीशी तीन-चार एकदम. मी त्यांना उचलून बाहेर टाकायला दाराशी आले, तर आबा शिडीच्या खाली उभे होते. हातात रिकामी बादली. तोंड उसाकडं.

"फिरव की रं तिकडं," ते कुणाला तरी सांगत होते. "मेंढरं पानंदीत घुसतील. फिरव म्हनतोय ना."

उसाकडं कुणी नव्हतं.

"आबा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण ओळखलं नाही. आणि मला त्यांचा सदरा दिसला. तो वाळला होता. घामाच्या जागी मिठाचे पांढरे ओघळ राहिले होते. कपाळ कोरडं, मान कोरडी. सबंध दुपारभर मी घाम नसलेली अंगं बघत होते, म्हणूनच कदाचित ते माझ्या डोळ्यांत एवढं घुसलं. मी त्यांच्या गळ्याला हात लावला. कोंबडी हातात घेतल्यावर लागावी तशी ती उष्णता होती, आणि माणसाच्या अंगाला तसं कधी लागत नाही.

"आबा, घाम कुठं गेला तुमचा?"

ते हळूच खाली बसले, अगदी सावरून, आणि मग आडवे झाले.

"मंदे!" मी ओरडले. "मंदे गं! आबा!"

एवढ्या दिवसांनी तिचं नाव माझ्या तोंडून निघालं होतं. ती बांधावरून उडी टाकून आली. पायात काही नव्हतं, हाताला पीठ होतं. आबांना बघून तिनं विचारलं नाही काय झालं, नुसतं खांद्याखाली हात घातले. दोघींनी मिळून त्यांना लिंबाखाली नेलं. मी सदरा फाडून काढला. हौदाचं पाणी आणून डोक्यापासून पायापर्यंत ओतलं.

मग मी बर्फाकडं पळाले. एकच लादी होती, आणि ती टाकीत सोडायची वेळ होऊन गेली होती. लादी उचलताना मी शेडकडं बघितलं. बारदानांच्या फटीतून पांढरं काहीतरी दाटीनं हलत होतं. पोत्यावर लादी आपटून फोडली, फडक्यात तुकडे बांधले आणि आबांच्या काखेत, जांघेत, मानेखाली ठेवले. मंदा पदरानं वारा घालत होती.

"माजलगावला न्यावं लागंल," मी म्हटलं. "लगेच."

"जा तू. हितं मी हाय."

"तुला काय म्हाईत कोंबड्यांचं?"

"मग सांग की!" तिचा आवाज फाटला. "बघत काय बसलीस, पटकन सांग!"

मी सांगितलं. अंगावर पाणी टाकू नको. वारा घाल, कसाही घाल. मधून हळू चालत राहा, बसू देऊ नको. मेलेल्या बाहेर काढ. प्यायचं पाणी बदल. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती आणि पदर हलवायचा थांबवत नव्हती.

रस्त्यावरून कलिंगडं खाली करून परतणारी एक पिकअप जात होती. मी आडवी जाऊन उभी राहिले. चालवणाऱ्यानं एक शब्द न विचारता मागची फळी पाडली. ओली पोती अंथरून आबांना त्यावर निजवलं आणि मी शेजारी बसले. गाडी सुटली तशी हवा लागली. इतका वेळ जो वारा कुठं मिळत नव्हता तो गाडीच्या वेगानं तयार झाला. मी मांडीशी पाण्याचा कॅन धरला होता. सारखं आबांच्या अंगावरचं धोतर भिजवत होते, वारा ते वाळवत होता, मी परत भिजवत होते. चालक मागं वळून ओरडला, "काकू, वाचत्याल ना?" मी म्हटलं, "तू गाडी हाण." त्याच्यावर राग काढायचं काही कारण नव्हतं. पण मी आबांच्या छातीकडं बघत होते, आणि ती फार भराभर हलत होती, तोंड उघडं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

दवाखान्यात त्यांना आत घेतलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाल्या, "येतानाच गार करत आणलंत ते बरं केलंत. आता बघू." त्या 'बघू'वर मी बाकड्यावर बसून राहिले. अंधार पडता पडता आमचे हे आले, मिस्त्रीच्या हाताचं ग्रीस त्यांच्याही हाताला लागलेलं. मंदाचा फोन लागत नव्हता.

सकाळी आबांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघून म्हणाले, "सुमन, पानी." मी नर्सला हाक मारायच्या आधीच यांना रडू फुटलं. आबांच्या वरच्या ओठावर बारीक बारीक थेंब जमले होते. मी बोटानं टिपून बघितले. घाम होता. घामाचा मला एवढा आनंद होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

यांना तिथं बसवून मी वस्तीवर आले. उतरले तेव्हा गार वारं सुटलेलं होतं. आभाळ न बरसताच कुठं तरी निघून गेलं होतं. शेडच्या बाहेर पोत्याखाली मेलेल्या कोंबड्यांचा ढीग होता, आणि मी त्याच्या अलीकडंच उभी राहिले. मग आतून कलकलाट ऐकू आला. भांड्यांभोवतीची ढकलाढकली, उगाचची भांडणं. बऱ्याचशा जगल्या होत्या.

मंदा दाराशी तुसातच पाय पसरून बसली होती. तिच्या शेजारी लुगडी, चादरी, शाली पडलेल्या होत्या, सगळ्या तुसानं आणि विष्ठेनं भरलेल्या. नंतर मला बाकीच्या बायांनी सांगितलं. तिनं वस्तीवरच्या सगळ्याजणींना हाका मारून आणलं होतं. दोघी-दोघींनी लुगड्याची टोकं धरली आणि शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लुगडी वर-खाली हापसत, हळू पावलं टाकत, त्या चालत राहिल्या. हात भरून आले की दुसऱ्या जोडीनं घ्यायचं. वीज येईपर्यंत असं चाललं. कोंबड्यांना हात लावायची जिला किळस यायची, त्या मंदानं मेलेल्या एकेक उचलून बाहेर नेल्या.

तिचा आवाज पार बसला होता. "आक्का, लई मेल्या गं," ती म्हणाली. "मी मोजल्या न्हाईत. मोजवंनात."

"आबा बरे हायत," मी म्हटलं. "पानी मागितलं त्यांनी."

तिनं मान खाली घातली आणि तिथंच तुसात तोंड झाकून घेतलं. मी तिच्या शेजारी बसले. कोंबड्या आमच्या पायांवरून ये-जा करत होत्या. बांधावरचं, विहिरीवरचं काही आम्ही त्या वेळी काढलं नाही, पुढंही कधी काढलं नाही. तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चहा टाकू का?" मी म्हटलं, "तुझ्याकडं जाऊ. माझ्या घरात दूध नासलं असंल."

आबा घरी आले, पण पहिले आबा आले नाहीत. डॉक्टर बाईंनी बजावलं होतं, एकदा असं झालं की अंगाला उष्णता सांभाळणं पहिल्यासारखं जमतंच असं नाही. उन्हात जायचं नाही, उन्हाळ्यात दुपारी खोलीबाहेर पडायचं नाही. ज्याचं सगळं आयुष्य उन्हात चालण्यात गेलं त्या माणसासाठी यांनी मागच्या खोलीला कूलर बसवला, खिडकीला वाळ्याचा पडदा लावला. पहिल्या उन्हाळ्यात ते दोनदा पळून उसाच्या बांधापर्यंत गेले. मी आणायला गेले तर म्हणाले, "मलाबी कोंडलंस व्हय?" मी हात धरून त्यांना परत आणलं. खोलीतला कूलर चालू करताना, पाणी भरताना, त्यांच्या मानेला उलटा हात लावून बघताना मला माझीच भीती वाटायची. कोंबड्यांचं चुकलं तर ढीग बाहेर पडतो. इथं चुकलं तर काय, याचा विचार मी अर्ध्यावर सोडून द्यायची.

मग मंदा दुपारची येऊन बसायला लागली. भाजी निवडायला आणायची, शेंगा फोडायला आणायची. आबा तिच्याशी बोलायचे नाहीत. ती त्यांच्याशी बोलायची नाही. पण ती दाराच्या उंबऱ्यावर बसलेली असली की ते उठून जायचे नाहीत. असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात एकदा आबांनी तिच्या सुपातल्या शेंगा फोडायला घेतल्या. आता ती आली नाही तर ते मला विचारतात, "ती कावून आली न्हाई आज?"

आज दुपारी शेडमधून मी खोलीत आले तेव्हा दोघं तिथंच होते. कूलरची घरघर चालू होती. वीज आहे, आता जनरेटर घेतलाय, पंखे वाढवलेत, तरी मी दाराला टेकून उभी राहिले ती बसले नाही. मंदानं विचारलं, "धापत्यात का?"

"सकाळपासून. चोची उघड्या हायत सगळ्यांच्या."

आबा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. मला वाटलं, झोपलेत. त्या दुपारबद्दल ते आजवर एक शब्द बोलले नव्हते आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. भिंतीकडंच तोंड ठेवून ते म्हणाले, "त्या दिवशी मला लई थंडी वाजत हुती."

शेंगा फोडता फोडता मंदाचे हात थांबले. "थंडी? आबा, अंग तुमचं तव्यावानी तापलं हुतं."

"आसंल. मला थंडी वाजली. अंगावर काटा आल्ता. मला वाटलं, वारं सुटलं. गार वारं. म्हनलं, चला, जगल्या सुमनच्या कोंबड्या."

कूलरमधून पाणी ठिबकत होतं. आबांनी पांघरूण खांद्यावर ओढून घेतलं.

"म्हनून बसलो मग खाली."